रक्तशुद्धीचा खेळ : घोडे, वंशावळी आणि कुंपण

घोड्यांच्या पैदाशीच्या एका जपानी खेळाचे परीक्षण या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील. त्यांनी तो विचारलाच पाहिजे. आपल्याकडे समीक्षा म्हटली की कविता, कथा, आत्मकथन आणि फार तर नाटक. त्यापलीकडचे सगळे ते 'करमणूक', आणि करमणुकीकडे गंभीर माणसाने पाहायचे नसते, असा समज प्रस्थापित समीक्षेने रूढ केला आणि आपणही तो मुकाट्याने स्वीकारला. परंतु वसतिगृहातला आपला विद्यार्थी रात्री दिवा मालवल्यावर किती वाचतो आणि किती खेळतो, याचे प्रामाणिक उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. खेळाला नियम असतात. आणि नियम आला की कोणाला बक्षीस व कोणाला शिक्षा हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. तेव्हा खेळालाही मूल्यव्यवस्था असते, आणि जिथे मूल्यव्यवस्था आहे तिथे समीक्षेला मज्जाव असण्याचे कारण नाही.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. साहित्याचा अधिकारी नाही. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात जपानी भाषा शिकतो. जपानी शिकणाऱ्यांची पुण्यात आता वाण नाही. तो सुट्टीत गावी आला तेव्हा अभ्यासाच्या नावाखाली आणलेला हा खेळ त्याने मला दाखवला. पडद्यावर घोडी, तिच्यासमोर पैदाशीच्या घोड्यांची यादी, आणि एका नावापाशी लाल अक्षरात दोन आकडे : ३ आणि ४, मध्ये फुली. "सर, ही जोडी घेऊ का? तिकडचे लोक म्हणतात हा चमत्काराचा आकडा आहे. हे तर तुमच्याच विषयातलं आहे." आनुवंशिकी शिकवणाऱ्याला याचे उत्तर दोन मिनिटांत देता यायला हवे होते. मला दोन महिने लागले. हा लेख त्या दोन महिन्यांचा.

आधी खेळाविषयी. 'डर्बी स्टॅलियन' हा खेळ १९९१ साली आस्की या जपानी कंपनीने फॅमिकॉम यंत्रासाठी काढला. त्याचा कर्ता हिरोयुकी सोनोबे. शर्यतीवर पैसे लावण्याचे खेळ त्याआधीही होते. सोनोबेने खेळणाऱ्याला जुगाऱ्याच्या जागेवरून उचलून मालकाच्या जागी बसवले. घोडी तुमची, पागा तुमची. दर वर्षी घोडीसाठी घोडा निवडायचा, शिंगरू वाढवायचे, पळवायचे, आणि ते नावारूपाला आले तर त्याचीच पुढे पैदास करायची. दोन वर्षांनी कोएई कंपनीचा 'विनिंग पोस्ट' आला. दोन्ही मालिका तीस वर्षे उलटून गेली तरी चालू आहेत. डर्बी स्टॅलियनची एक आवृत्ती २०२० मध्ये आली, विनिंग पोस्टची २०२३ मध्ये. जपानमधल्या एका अख्ख्या पिढीला वंशावळ वाचायला या खेळांनी शिकवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

खेळाचा गाभा आहे अंतःप्रजनन, म्हणजे एकाच पूर्वजाचे रक्त बापाकडून आणि आईकडून अशा दोन्ही बाजूंनी शिंगरात आणणे. नामांकित पूर्वज दोन्हीकडे असला तर शिंगराचा वेग किंवा दम वाढण्याची आशा असते. मात्र त्याचबरोबर प्रकृती नाजूक होण्याची आणि स्वभाव बिथरण्याची भीतीही वाढते. विनिंग पोस्टने तर यासाठी दोन वेगवेगळी मापे ठेवली आहेत. एकाच्या नावाचा अर्थ 'स्फोटाची शक्ती' असा होतो, दुसऱ्याचा 'धोक्याची पातळी'. खेळणाऱ्याने या दोन मापांच्या मधून वाट काढायची. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तो हाच : किती जवळचे नाते चालते?

तो ३ × ४ चा हिशेब असा. आईबाप ही पहिली पिढी, आजे दुसरी, पणजे तिसरी, खापरपणजे चौथी. एकच घोडा एका बाजूने पणजोबा आणि दुसऱ्या बाजूने खापरपणजोबा असेल तर शिंगरात त्याचा अंश एकअष्टमांश अधिक एकषोडशांश, म्हणजे १२.५ अधिक ६.२५, एकूण १८.७५ टक्के. या आकड्याला जपानी शौकीन 'चमत्काराचे रक्तप्रमाण' म्हणतात. ही श्रद्धा खेळाच्या आधीपासूनची आहे. खेळाने ती घरोघर नेली.

इथे प्राणिशास्त्राच्या शिक्षकाला बोलणे भाग आहे. १८.७५ हा रक्तांश झाला, अंतःप्रजनन नव्हे. अंतःप्रजनन मोजण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९२२ मध्ये मांडली. जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता किती, हे ती विचारते. त्या रीतीने ३ × ४ चा गुणांक येतो एकचौसष्टांश, म्हणजे साधारण १.५६ टक्के. दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १८.७५ मध्ये कुलाचा अभिमान आहे : 'थोर पुरुषाचे एवढे रक्त माझ्या अंगात आहे.' १.५६ मध्ये जोखीम आहे : 'तोच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता एवढी आहे.' खेळाने चमत्कार पहिल्या आकड्याला म्हटले.

एनेबल नावाच्या घोडीने २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्सची आर्क द ट्रायम्फ ही शर्यत जिंकली. सॅडलर्स वेल्स हा घोडा तिचा बापाकडून पणजोबा आणि आईकडून आजोबा. रक्तांश ३७.५ टक्के. त्या एका पूर्वजापुरता राइटचा गुणांक काढला तर ६.२५ टक्के. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नातून होणाऱ्या मुलाचा गुणांकही नेमका हाच, ६.२५. हे मी वर्गात फळ्यावर मांडतो तेव्हा वर्गात हमखास कुजबुज होते, कारण मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे किती घरांत आहे हे मुलांना सांगावे लागत नाही. त्या विषयाकडे मी पुढे येणार आहे. तो टाळून हा लेख लिहिणे म्हणजे लबाडी होईल.

माझे थोरले चुलते पुण्यात शर्यतीच्या घोड्यांचे मोतद्दार होते. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, पण घोड्याची पहिली विद्या मला त्यांनी दिली, महाविद्यालयाने नव्हे. मालक लोक पागेत आले की वंशावळीचे बोलत : याचा बाप अमुक, आजा तमुक, विलायतेहून आणलेला. आबा गुडघे टेकून घोड्याच्या नळीवरून हात फिरवीत राहत. मी लहानपणी विचारले होते की चांगले रक्त म्हणजे काय. "रक्त कागदावर असतंय, बाळ. सकाळी उठून पाय बघायचा. गरम लागला की समजायचं." आणखी एक गोष्ट ते सांगत. ज्याचे पाय गेले, ज्याला छातीचा दम नाही, त्या शिंगराचे नाव महिन्याभरात पागेत कोणी घेत नसे. ते कुठे गेले हे विचारायचे नाही, असा रिवाजच होता. जिंकलेल्याची तसबीर कचेरीत लागे. हरलेल्याची नोंद कुठे असलीच तर ती मोतद्दाराच्या डोक्यात.

या खेळावरचा माझा पहिला आक्षेप आबांच्या या बोलण्यातून आला. खेळात नामांकित घोड्यांचे दालन आहे, बक्षिसांची नोंद आहे, वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. पण जवळच्या नात्यातून जन्मलेले, पहिल्या सरावात पाय मोडून घेतलेले शिंगरू एक वाक्य उमटते आणि पडद्यावरून निघून जाते. त्याहून विलक्षण प्रकार खेळणारे स्वतः करतात. जोडी लावण्याआधी खेळाची नोंद करून ठेवायची. शिंगरू मनाजोगे निघाले नाही तर यंत्र बंद करून मागच्या नोंदीवरून पुन्हा सुरू करायचे. पुन्हा शिंगरू, पुन्हा नापसंत, पुन्हा बंद. वीस वेळा असे केल्यावर एकविसावे शिंगरू विजेसारखे निघते आणि खेळणारा म्हणतो, १८.७५ चा चमत्कार पाहा! आधीची वीस शिंगरे मेली असेही म्हणता येत नाही, कारण ती झालीच नाहीत. चमत्कार असाच घडतो. भाजक पुसून टाकला की कोणताही भागाकार डोळे दिपवतो.

हे खेळाच्या कर्त्याचे पाप नाही. कर्त्याने धोका ठेवलेला आहे. धोक्याची किंमत मोजण्यातून मालकाची सुटका कशी होते, हे खेळ नकळत दाखवतो. चूक मालकाची, पाय शिंगराचे. या अर्थी तो वास्तववादी आहे, आणि आपल्या कित्येक ग्रामीण कादंबऱ्यांपेक्षा जास्त, असे मी म्हणालो तर कोणी रागावू नये.

खऱ्या शर्यतीच्या घोड्यांमध्ये भाजक मोजण्याचे काम अलीकडे झाले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या दहा हजारांहून अधिक थरोब्रेड घोड्यांची जनुके तपासली. गेल्या काही दशकांत अंतःप्रजनन स्पष्टपणे वाढले आहे, आणि तपासलेल्यांपैकी ९७ टक्के घोड्यांच्या वंशावळीत १९६१ साली जन्मलेला नॉर्दर्न डान्सर हा एकच घोडा आहे, असे त्यात आढळले. २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासाने नेमका आबांचा प्रश्न विचारला : शर्यतीत न उतरलेल्यांचे काय? जिंकलेल्या घोड्यांकडे न पाहता, घोडा शर्यतीत कधी उतरला तरी का, एवढेच पाहिले. अंतःप्रजनन १० टक्क्यांनी वाढले की कधीही पळण्याची शक्यता ७ टक्क्यांनी घटते, असे उत्तर आले. कचेरीतल्या तसबिरींवरून हे उत्तर कधीच मिळाले नसते.

मग व्यवस्था सुधारली का? अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये नियम केला की २०२० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या घोड्याने वर्षाला १४० पेक्षा जास्त घोड्या फळवू नयेत. काही बड्या पैदासगृहांनी न्यायालयात धाव घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम मागे घेतला गेला. घोड्याच्या एकेका फळवणीचे मोल ज्यांच्या खिशात जाते त्यांना वंशाच्या तब्येतीची काळजी किती, हे यावरून दिसते. घोडीच्या वाट्याला मात्र अकरा महिन्यांचे गाभारपण आणि वर्षाला एक शिंगरू. खेळातही तेच. घोड्याला ख्याती, घोडीला कूस. रक्तशुद्धीची कोणतीही व्यवस्था उभी राहते ती मादीच्या कुशीवर पहारा बसवून, हे घोड्यांच्या बाबतीत निदान कोणी लपवीत तरी नाही.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. वर दिलेले दोन्ही आक्षेप खेळाच्या आतले आहेत. हा खेळाच्या कुंपणाविषयी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचविशीत होते. त्या निबंधाची कळ अशी की आपला समाज मुळात बहिर्विवाही आहे. सगोत्र चालत नाही, सपिंड चालत नाही. त्या बहिर्विवाहावर जेव्हा अंतर्विवाह लादला जातो तेव्हा जात निर्माण होते. दोन वर्तुळे आहेत. आतले वर्तुळ सांगते, एवढ्या जवळचे नको. बाहेरचे वर्तुळ सांगते, यापलीकडचे नको. माणूस या दोहोंमधल्या पट्ट्यात जोडीदार शोधतो आणि त्यालाच निवडीचे स्वातंत्र्य समजतो.

हे लक्षात ठेवून पुन्हा पडद्याकडे पाहावे. धोक्याची पातळी, ३ × ४, २ × ३, दूरच्या रक्ताची जोडी, या सर्व चर्चा आतल्या वर्तुळाच्या आहेत. खेळणारा रात्रंदिवस त्याच वर्तुळाचा हिशेब करतो. 'दूरचे रक्त' म्हणून जो घोडा तो निवडतो तोही त्याच बंद वहीतला असतो. बाहेरचे वर्तुळ पडद्यावर कुठेही काढलेले नाही. आम्ही दोघांनी खेळून पाहिले तेव्हा वहीबाहेरचा घोडा आणण्याची सोय कुठे सापडली नाही. ती बंद केलेली नव्हती. मुळात तो प्रश्नच तिथे नव्हता. अंतःप्रजनन किती असावे याची सूक्ष्म चर्चा करणारा खेळ अंतःप्रजनन कशामुळे अटळ झाले हे विचारू देत नाही.

आणि ती वही ईश्वराने लिहिलेली नाही. इंग्लंडात जेम्स वेदरबी यांनी १७९१ मध्ये थरोब्रेड घोड्यांच्या वंशावळींची वही काढली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन आणलेले घोडे या जातीचे मूळ पुरुष मानले जातात. म्हणजे शुद्ध इंग्लिश रक्ताचे मूळ पुरुष इंग्लिश नव्हतेच! पुढे वही बंद होत गेली. १९१३ मध्ये इंग्लंडने ठराव केला की ज्याची सर्व मुळे या वहीतल्या घोड्यांपर्यंत पोचत नाहीत त्याला वहीत जागा नाही. जर्सी नावाच्या उमरावाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. अमेरिकन घोड्यांचे लोंढे येत होते, बाजार पडत होता, हे कारण होते. शुद्धता हे नाव होते. दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, दुर्बार नावाच्या घोड्याने एप्समची डर्बी जिंकली. त्याच्या आईकडे अमेरिकन रक्त होते, म्हणून इंग्लंडातली सर्वांत मोठी शर्यत जिंकूनही वहीच्या दृष्टीने तो 'अर्धरक्ताचा' राहिला. पस्तीस वर्षे हे चालले. १९४८ मध्ये माय बाबू आणि ब्लॅक टार्क्विन या 'अर्धरक्ती' घोड्यांनी मोठ्या शर्यती मारल्या आणि १९४९ मध्ये नियम काढून टाकला. घोड्यांचे रक्त ४८ साली होते तेच ४९ साली होते. वही बदलली होती.

जपानमधली गोष्ट याहून जवळची वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाहून जपानला मिरा नावाची घोडी आली. तिच्या वंशाचे कागद नव्हते. तिची संतती उत्तम पळे, तरी ती 'थरोब्रेड' नव्हे, 'थरोब्रेडसारखी' म्हणून नोंदली जाई. त्याच कुळातल्या हिकारू इमाईने १९७१ मध्ये जपानी डर्बी जिंकली. पुढे पैदाशीसाठी त्याच्याकडे घोड्या पाठवायला मालक कचरले, कारण शिंगरांच्या नावावर तो डाग राहिला असता. हा डाग पुसायचा तर लागोपाठ आठ पिढ्या शुद्ध रक्ताशी संकर झाल्याचे दाखवावे लागते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र स्त्रीच्या वंशाला ब्राह्मणत्वाला पोचायला सात पिढ्या सांगितल्या आहेत. मनू एका पिढीने उदार निघाला, एवढाच फरक.

या शुद्ध जातीचा वेग तरी कुठून आला? लहान पल्ल्याच्या वेगाशी संबंधित असलेल्या एका जनुक-रूपाचा माग २०१२ साली शास्त्रज्ञांनी काढला. ते रूप सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एकदाच या जातीत शिरले आणि ते आणले बहुधा ब्रिटनच्याच मातीतल्या एखाद्या गावठी घोडीने, त्या तीन नामांकित अरबी-तुर्की घोड्यांनी नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या घोडीचे नाव कोणालाही माहीत नाही.

जपानी खेळाविषयी लिहिताना जपानी समाजाविषयी न लिहिणे मला जमणार नाही. तिथेही माणसांच्या वंशावळी होत्या. मेलेली गुरे-घोडी ओढून नेणे, त्यांचे कातडे काढणे ही कामे तोकुगावा काळात ज्या लोकांच्या माथी मारली होती ते अस्पृश्य समजले जात. त्यांचे वंशज म्हणजे बुराकू समाज. १८७१ च्या हुकुमाने त्यांचा दर्जा कायद्यापुरता इतरांसारखा झाला. पण १८७२ च्या कुटुंब-नोंदवह्यांतून कित्येक ठिकाणी जुनी ओळख शाबूत राहिली, आणि त्या वह्या लोकांसाठी बंद व्हायला १९६८ साल उजाडावे लागले. १९७५ मध्ये उघड झाले की बुराकू वस्त्यांच्या नावांच्या याद्या गुपचूप छापून विकल्या जात होत्या आणि मोठमोठ्या कंपन्या नोकरी देताना त्या चाळत होत्या. सोयरीक जुळवण्याआधी समोरच्या घराण्याची चौकशी करून घेणे तर सर्रास होते. सोनोबे यांच्या मनात यातले काही होते असा माझा दावा नाही. तसा पुरावाही नाही. परंतु हाडकुळ्या घोड्याचे कुळ विचारण्यात जो देश रमतो त्याच देशात माणसाचे कुळ विचारण्याचा धंदा चालत होता, याची नोंद समीक्षेने घेऊ नये तर कोणी घ्यावी?

वाचकांतला एखादा तरुण कार्यकर्ता म्हणेल, सर, मग आपल्याला मोठाच मुद्दा मिळाला. अंतःप्रजनन घातक, म्हणून जात घातक. पुरावेही आहेत. भारतीयांच्या जनुकांच्या २०१६ मधल्या एका अभ्यासाने काही उच्चवर्णीय समूहांत बेटीबंदी सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी घट्ट झाल्याचे दाखवले. २०१७ मधल्या दुसऱ्या अभ्यासात तपासलेल्या दोनशेसाठांहून अधिक दक्षिण आशियाई समूहांपैकी ८१ समूहांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या बंदिस्तपणाचा ठसा युरोपातल्या अश्कनाझी ज्यूंपेक्षा आणि फिनलंडच्या लोकांपेक्षाही खोल आढळला. अशा समूहांत काही दुर्मीळ आनुवंशिक आजार जास्त आढळतात. हे सर्व खरे आहे आणि मी ते शिकवतो.

पण या पुराव्यावर चळवळीचे घर बांधू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उद्या एखाद्या शास्त्रज्ञाने सिद्ध केले की अमक्या जातीच्या बेटीबंदीने प्रकृतीला काडीचाही अपाय झालेला नाही, तर ती बेटीबंदी न्याय्य ठरेल काय? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त सुप्रजननाचा युक्तिवाद घेतला तो सनातन्यांकडून आलेला होता म्हणून, आणि त्यांच्याच अंगणात जाऊन तो मोडून काढला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने वेगळे नाहीत हे त्यांनी दाखवले. मात्र माणसाची किंमत वंशाच्या गुणदोषांवर ठरवावी असे ते कुठेही म्हणाले नाहीत. माणूस हा पागेतला घोडा नाही. त्याच्या लग्नाचा हेतू सुधारलेले शिंगरू हा नाही. सनातनी 'रक्त शुद्ध राहील' म्हणतो आणि आपण 'रक्त सुधारेल' म्हणतो, तेव्हा पागेचा मालक बदलतो. पागा तशीच राहते.

आता आपल्या घरातले. मामाच्या मुलीशी लग्न करण्याचा प्रश्न डॉक्टरांचा आहे, आणि त्यावर आईबापांशी शांतपणे बोलता येते. पोटजातीचा प्रश्न डॉक्टरांचा नाही. आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या पुस्तिका मी पाहतो. त्यांत शिक्षण आहे, पगार आहे, सरकारी नोकरीचा ठळक उल्लेख आहे, आणि एका रकान्यात पोटजात आहे. धम्मदीक्षेच्या नंतरच्या तिसऱ्या पिढीच्या पुस्तिकेत हा रकाना कोणी आखला? माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी हा रकाना मी स्वतः भरला आहे. आई म्हणाली, आणि मी भरला. त्या वेळी वाद घातला नाही. आतल्या वर्तुळाची मला माहिती होती, गुणांक पाठ होता. बाहेरचे वर्तुळ मी माझ्याच हाताने पेनने काढले.

खेळाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. संडे सायलेन्स नावाचा अमेरिकन घोडा लहानपणी लिलावात कोणी घेईना. रूप नाही, आईकडचे कुळ सामान्य. त्याने १९८९ ची केंटकी डर्बी जिंकली तरी अमेरिकन पैदासदारांनी नाक मुरडले आणि तो जपानला विकला गेला. तिथे तो १९९५ पासून सलग तेरा वर्षे सर्वांत यशस्वी बाप ठरला. डेअरिंग टॅक्ट ही घोडी २०२० मध्ये एकही शर्यत न हरता मादींचा तिहेरी मुकुट जिंकून गेली. तिच्या वंशावळीत संडे सायलेन्स ४ × ३ आहे. चमत्काराचे १८.७५ टक्के! ज्याचे कुळ सामान्य म्हणून नाकारले त्याच्याच रक्ताचा आता कुळाभिमान झाला आणि त्याच्याभोवती नवे कुंपण पडते आहे. विटाळाचे सोवळे व्हायला तीस वर्षे पुरली. खेळ हे सर्व इमानाने दाखवतो. त्यावर तो हसत नाही, एवढेच. हसणे हे वाचकाचे काम आहे असे समजून मी तो दोष मानत नाही.

विद्यार्थ्याला मी शेवटी उत्तर दिले ते असे : तीन-चार ची जोडी खुशाल लाव, हिशेबाने ती फार जवळची नाही. पण एक अट. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे नाही. जे शिंगरू होईल ते ठेवायचे. त्याने तसे केले. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तेव्हा त्याने शंभर पानी वही आणली होती. पहिल्या रकान्यात घोडी, दुसऱ्यात घोडा, तिसऱ्यात नात्याचे आकडे. चौथ्या रकान्यात शिंगराचे पुढे काय झाले : पळाले, पाय गेला, विकले, कधी उतरलेच नाही. हा चौथा रकाना खेळात नाही. तो त्याने पट्टी घेऊन स्वतः आखला आहे. वही सध्या माझ्याकडे आहे. पाचव्या रकान्याला अजून नाव दिलेले नाही. तिथे त्याने फक्त एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे, आणि खाली पेन्सिलीने लिहिले आहे : "सर, वहीबाहेरची घोडी आणता आली असती तर?"